दिनविशेष पारखून कसा घ्यावा : १४ जानेवारीचा दाखला

शाळेच्या परिपाठात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आणि सकाळच्या व्हॉट्सअॅप संदेशांत १४ जानेवारीचा दिनविशेष साधारण असा येतो : मकर संक्रांत, पानिपतची तिसरी लढाई, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, भूगोल दिन, चिंतामणराव देशमुख आणि दुर्गा खोटे यांचा जन्म, खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीचा मृत्यू. सगळं एका तारखेखाली बसतं, म्हणून सगळं एकाच मापाने मोजलेलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात संक्रांत सूर्याच्या राशीवर ठरते, पानिपतची मराठी नोंद तिथीत आहे, हॅलीची तारीख इंग्लंडने १७५२ साली सोडून दिलेल्या कॅलेंडरातली आहे आणि नामविस्ताराची तारीख शासकीय निर्णयाची आहे. एखादी ओळ कोणत्या कालगणनेतून आली हे न पाहता ती दुसरीच्या शेजारी मांडली की चुका सुरू होतात. १४ जानेवारी हा त्यासाठी फार चांगला दिवस आहे, कारण जवळपास प्रत्येक प्रकारची चूक इथे सापडते.

संक्रांत १४ तारखेची कधीपासून?

ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजलेल्या, म्हणजे निरयन, मकर राशीत सूर्य शिरतो तो क्षण म्हणजे संक्रमण. सूर्याला पुन्हा त्याच ताऱ्यापाशी यायला ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटं लागतात. आपण रोज वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर ऋतूंना बांधलेलं आहे आणि त्याचं सरासरी वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटांचं आहे. या दोन प्रकारच्या वर्षांतला फरक २० मिनिटांचा. ७२ वर्षांत या २० मिनिटांचा पूर्ण एक दिवस होतो, आणि संक्रांत कॅलेंडरात तेवढी पुढे सरकते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांडीसारखा अतिशय सावकाश डोलतो, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी, हे त्यामागचं कारण. पंचांगकर्ते याला अयनचलन म्हणतात.

या संथ सरकण्यावर चार वर्षांचा एक छोटा हेलकावा असतो. संक्रमणाची वेळ दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे जाते आणि २९ फेब्रुवारी येऊन गेला की २४ तास मागे येते. २०२४ साली संक्रमण १५ जानेवारीच्या पहाटे तीनच्या सुमारास झालं, २०२५ साली १४ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास, २०२६ साली १४ तारखेला दुपारी तीननंतर. २०२७ साली ते १४ तारखेच्या रात्री येतं. संक्रमण सूर्यास्तानंतर झालं तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरायचा असा आपल्याकडचा प्रघात आहे, त्यामुळे २०२७ ला सण १५ तारखेला, आणि २०२८ ला संक्रमणच १५ च्या पहाटे असल्याने तेव्हाही १५ लाच. २०२३ सालीही याच कारणाने कॅलेंडरात संक्रांत १५ ला छापली होती.

‘यंदा लीप वर्ष म्हणून संक्रांत १५ ला’ हे वाक्य दर चार वर्षांनी ऐकू येतं. ते अर्धवट आहे. जादा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी येतो, जानेवारी तोवर संपलेला असतो. लीप वर्षातली संक्रांत त्या चौकडीतली सर्वांत उशिराची असते, ती आधीच्या तीन वर्षांत साचलेल्या तासांमुळे. जादा दिवसाचा परिणाम पुढच्या वर्षीच्या संक्रांतीत दिसतो आणि ती मागे येते.

आता उलटं मोजत जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संक्रांत १३ किंवा १४ जानेवारीला येत असे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आज १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन असतो आणि संक्रांत दोन-तीन दिवसांनी येते. रामकृष्ण मठात त्यांची जयंती पौष कृष्ण सप्तमीला होते, ती २०२५ साली २१ जानेवारीला आली. तारीख, संक्रांत आणि तिथी, १८६३ साली तिन्ही एका दिवशी होत्या. ‘विवेकानंद संक्रांतीला जन्मले’ आणि ‘विवेकानंद १२ जानेवारीला जन्मले’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. दोन्ही एकत्र वाचून ‘म्हणजे १४ ला’ असा निष्कर्ष काढला की चूक होते.

दुसरा घोटाळा उत्तरायणाचा. ‘१४ जानेवारीपासून दिवस मोठा होऊ लागतो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकी सुरात अजूनही सांगितलं जातं. दिवस मोठा होऊ लागतो २१ किंवा २२ डिसेंबरपासून. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात मकर संक्रमण आणि सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो तो डिसेंबरातला दिवस एकत्र येत होते, म्हणून परंपरेत संक्रांत आणि उत्तरायण जोडले गेले. आज त्यांच्यात सुमारे २४ दिवसांचं अंतर पडलं आहे. सण त्यामुळे खोटा ठरत नाही, पण परिपाठात मुलांना भूगोल सांगताना हे दोन दिवस वेगळे करूनच सांगायला हवेत.

महाराष्ट्रात आणखी एक पर्याय आहे. टिळक पंचांग राशीचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातल्या एका ठरावीक ताऱ्यापासून धरतं. हा आरंभबिंदू प्रचलित पंचांगांपेक्षा सुमारे चार अंश वेगळा असल्याने त्या पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. ते पंचांग पाळणाऱ्या घरी चार दिवस आधी तिळगूळ वाटला जात असेल तर ती चूक समजू नये. मोजायला सुरुवात कुठून करायची याबद्दलचा हा जुना आणि अभ्यासपूर्ण मतभेद आहे.

संक्रांतीची जोडगोळी मात्र पक्की. आदल्या दिवशी भोगी, त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची मिसळीची भाजी. दुसऱ्या दिवशी किंक्रांत किंवा करिदिन. हे तिन्ही दिवस एकमेकांना धरून सरकतात. हळदीकुंकवाचं तसं नाही. ते संक्रांतीला सुरू होतं आणि रथसप्तमीला, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला, संपतं. सुरुवात सूर्यावर, शेवट चंद्रावर. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असल्याने रथसप्तमी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येते आणि अधिक मास पडला की पुन्हा पुढे ढकलली जाते. २०२४ साली ती १६ फेब्रुवारीला होती, २०२५ ला ४ फेब्रुवारीला, २०२६ ला २५ जानेवारीला. म्हणजे हळदीकुंकवाला २०२४ साली महिनाभर मिळाला आणि २०२६ साली जेमतेम अकरा दिवस. वाणाची खरेदी किंवा मंडळाचा हॉल ठरवणाऱ्यांनी आधी रथसप्तमी पाहावी. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे २०२७ ची रथसप्तमी पुन्हा फेब्रुवारीच्या मध्याकडे गेली.

पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं का?

‘मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ हे शब्द पानिपतच्या संदर्भात इतके रुळले आहेत की लढाई संक्रांतीच्या सणादिवशीच झाली असं अनेकजण खात्रीने सांगतात. तारीख पक्की आहे : १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पण वरचं गणित इथे लावून पाहा. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती. त्याआधी १०२ वर्षं जायचं तर दीडएक दिवस वजा करावा लागतो, आणि चार वर्षांच्या हेलकाव्याची थोडीफार भर पडते. १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. सदाशिवराव भाऊंचं सैन्य यमुनेकाठच्या त्या मैदानावर लढायला बाहेर पडलं तेव्हा संक्रांत होऊन चारएक दिवस उलटले होते. उपासमारीने थकलेलं ते सैन्य, विश्वासरावांना लागलेली गोळी, इब्राहिमखान गारद्याचा अंत, हे सगळं आपल्या सणाच्या तारखेला घडलं अशी भावना मराठी मनात घर करून आहे आणि तिचा मान राखूनच हे सांगायला हवं : तारीख तीच आहे, सण तो नव्हता. विसाव्या शतकात संक्रांत १४ तारखेवर सरकत आली आणि दोन स्मृती एकमेकींवर बसल्या. आज पानिपतच्या काला आंब स्मारकाशी १४ जानेवारीला लोक जमतात, ते तारखेने, आणि ते बरोबर आहे.

पानिपतच्या नोंदीतून तिथीची तारीख करण्याचं तंत्रही शिकता येतं. शके वर्षाचं इसवी सन करताना ७८ मिळवा असं सगळे सांगतात. १६८२ मध्ये ७८ मिळवले तर १७६० येतं, आणि पानिपत एक वर्ष अलीकडे जातं. शक वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतं, इसवी सन १ जानेवारीला. म्हणून चैत्र ते कार्तिक ७८ मिळवावेत, माघ आणि फाल्गुनात ७९. मार्गशीर्ष आणि पौष हे धोक्याचे महिने, कारण १ जानेवारी बहुधा त्यांच्यातच कुठेतरी पडतो. तिथे वार पाहून खात्री करावी लागते. जुन्या मराठी कागदांत तिथीबरोबर वार दिलेला असतो, आणि वार ही कालगणनेतली सर्वांत भरवशाची गोष्ट आहे. कॅलेंडर बदलली, तारखा वगळल्या गेल्या, पण सात वारांची साखळी कधी तुटली नाही. तुमच्या गणिताने आलेल्या तारखेचा वार कागदातल्या वाराशी जुळत नसेल तर तारीख चुकली आहे. एका दिवसाचा फरक असेल तर बहुधा तिथी सूर्योदयाच्या आसपास बदलली असावी; दहा-अकरा दिवसांचा असेल तर पुढचा भाग वाचा.

तिथीने जयंती-पुण्यतिथी पाळणाऱ्यांना आणखी दोन अडचणी येतात. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि त्या वेळी चालू असलेली तिथी त्या दिवसाला मिळते. कधी एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्याच्या आत संपते. तो क्षय. कधी तीच तिथी दोन सूर्योदयांना असते. ती वृद्धी. पहाटे तीनला घडलेली घटना इंग्रजी तारखेने पुढच्या दिवशी जाते, पंचांगाने आदल्या वारी राहते. शिवाय वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलू शकतं. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला, त्यामुळे आपला पौष वद्य तिथे माघ कृष्ण असतो. हिंदी मजकुरावरून मराठी दिनविशेष करताना नेमकी हीच चूक सर्वाधिक होते. राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतलाही ‘पौष’ वेगळा आहे. तो २२ डिसेंबरला सुरू होतो आणि १४ जानेवारी हा त्यातला २४ पौष असतो, चंद्र कुठेही असो.

हॅली नेमका कधी गेला?

ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो त्या एडमंड हॅलीच्या मृत्यूची तारीख काही ठिकाणी १४ जानेवारी १७४२, काही ठिकाणी १४ जानेवारी १७४१ आणि काही ठिकाणी २५ जानेवारी १७४२ अशी सापडते. तिन्ही एकाच दिवसाच्या आहेत.

युरोपात आधी ज्युलियन कॅलेंडर होतं. त्याचं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं, म्हणजे ऋतूंपेक्षा जवळपास ११ मिनिटांनी लांब. साचलेली चूक काढायला १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस वगळून नवं कॅलेंडर आणलं. पोर्तुगालने ते लगेच घेतलं. इंग्लंडने १७० वर्षं घेतलं नाही आणि अखेर १७५२ साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर लिहिला. शिवाय तोवर इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारीत गेलेला हॅली इंग्रजी कागदांत १७४१ सालीच गेला. आजच्या हिशेबाने तो दिवस २५ जानेवारी १७४२.

हे आपल्याला फार जवळचं आहे. सतराव्या शतकातल्या मराठी इतिहासाच्या ज्या इंग्रजी तारखा आपण पाठ केल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक ज्युलियन आहेत. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. त्याची आपण मानतो ती तारीख १९ फेब्रुवारी १६३०. फोनच्या कॅलेंडरात इतकं मागे जाऊन १९ फेब्रुवारी १६३० पाहिला तर वार मंगळवार दिसतो. मग कोणीतरी घाईने तारीख चूक असल्याचं जाहीर करतं. चूक तारखेची नाही. अनेक फोन आणि संगणक आजचं ग्रेगोरियन कॅलेंडरच मागे ताणून दाखवतात, आणि त्या कॅलेंडरात हा दिवस १ मार्च १६३० येतो. त्या दिवशीचा वार पाहा, शुक्रवार आहे. राज्याभिषेकाचंही तसंच : ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ म्हणजे ज्युलियन ६ जून १६७४, आणि ग्रेगोरियन १६ जून. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमेचा, तारीख १२ जानेवारी १५९८. आजच्या कॅलेंडरात मागे मोजलं तर तो दिवस २२ जानेवारी १५९८ येतो आणि चंद्राचं गणित केलं तर पौर्णिमा त्याच दिवशी पडते.

फरक मिळवायचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १५८२ पासून १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या ज्युलियन तारखांत १० दिवस, तिथून १८०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत ११, पुढच्या शतकात १२ आणि आज १३. मिळवणं एकदाच करायचं. कोणी आधीच रूपांतर केलेल्या तारखेत पुन्हा दहा मिळवले की एक तिसरीच तारीख जन्माला येते, आणि ती संदेशांतून वर्षानुवर्षं फिरत राहते. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत नवी पद्धत, मुंबई-सुरतेच्या इंग्रज वखारींच्या कागदांत जुनी. त्यामुळे एकाच घटनेच्या दोन तारखा दहा दिवसांच्या अंतराने भेटल्या तर आधी हे तपासावं, मगच कागद परस्परविरोधी आहेत असं म्हणावं. इंग्रज पत्रातली १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख असेल तर सालही एकने वाढवून पाहावं. १७५२ नंतर इंग्रजी कागदांपुरता हा त्रास संपतो. पानिपतची तारीख त्यामुळे निर्वेध आहे.

जुनं ज्युलियन कॅलेंडर पूर्ण गेलेलं नाही. त्याची १ जानेवारी आज १४ जानेवारीला येते, म्हणून रशिया आणि सर्बियात या दिवशी ‘जुनं नववर्ष’ साजरं होतं. मोरोक्कोतल्या अमाझिग (बर्बर) लोकांच्या शेतीच्या वर्षाची सुरुवातही त्याच मुळातून आली आहे, आणि तिथे १४ जानेवारीला आता सरकारी सुट्टी असते. २१०० साल ४ ने भागलं जात असलं तरी ४०० ने भागलं जात नाही, म्हणून ते ग्रेगोरियन पद्धतीत लीप वर्ष नाही. तिथून पुढे रशियाचं जुनं नववर्ष १५ जानेवारीला जाईल, आणि २१०१ ची आपली संक्रांत १५ तारखेच्या रात्री होऊन सण १६ ला येईल.

सरळ तारखा, तरीही जपून

ज्या नोंदी सरळ तारखेच्या आहेत त्यांत कालगणनेची अडचण नसते, पण कोणती घटना म्हणायची हे नीट लिहावं लागतं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांचा बळी गेला, लाँग मार्च निघाला. प्रत्यक्ष नाव दिलं गेलं १४ जानेवारी १९९४ ला, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं, मूळ नाव ठेवून. म्हणून हा दिवस नामविस्तार दिन. ‘या दिवशी नामांतराचा ठराव झाला’ असं लिहिलं तर साडेपंधरा वर्षांचा लढा एका ओळीत पुसला जातो.

सी. डी. देशमुख आणि सी. डी. देशपांडे हेही नीट वेगळे ठेवावेत. चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नात्याचे, जन्म १४ जानेवारी १८९६, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्रात १४ जानेवारीला होणारा भूगोल दिन मात्र भूगोलतज्ज्ञ प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिनाचा आहे. आद्याक्षरं आणि तारीख सारखी, म्हणून दोघांची सरमिसळ सहज होते. दुर्गा खोटे यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, यात काही गुंता नाही. सशस्त्र दल माजी सैनिक दिनही या दिवशीच असतो, कारण फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशीचा सेना दिन त्यांनीच १५ जानेवारी १९४९ ला सरसेनापतिपद स्वीकारल्याचा. हे दोन दिवस एकमेकांच्या जागी लिहिलेले हमखास दिसतात.

तेव्हा १४ जानेवारीचा फळा लिहिताना संक्रांतीची ओळ त्या वर्षीचं पंचांग पाहूनच घालावी; जिथे ती १५ ला आहे तिथे १४ च्या यादीत भोगी येईल. पानिपत ‘१४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध ८, शके १६८२’ असं पूर्ण लिहावं. हॅलीपुढे ‘जुन्या पद्धतीने’ हे दोन शब्द आणि १७४२ हे साल घालावं, किंवा त्याला २५ जानेवारीच्या यादीत हलवावं. दोन्ही याद्यांत एकाच वेळी ठेवू नये.